मागच्या रांगेतला चौथा

मुक्काम औरंगाबाद
१५ दै १३५१ फसली (इंग्रजी नोव्हेंबर १९४१)

परमप्रिय मित्र निजामुद्दीन यास बद्रीनाथचा नमस्कार आणि सलाम (दोन्ही लिहिले आहेत, आवडेल तो आधी घे).

इथं सर्व खुशाल. तुझी खुशाली कळव. हे मी पत्राचा रिवाज म्हणून विचारत नाही, खरंच विचारत आहे. विशेषतः गेल्या शुक्रवारी दुपारी चार ते सव्वाचार या वेळात तुला ताप, चक्कर, ठसका किंवा छातीत धडधड असं काही झालं का, ते उलट टपालानं कळवावं. काही झालं नसेल तर तसं स्वच्छ लिहून खाली सही करावी. कारण पुढं येत आहे. वाचून घाबरू नकोस. घाबरण्याचं काम मी आठ दिवसांपासून करतोच आहे.

आपल्या पुंजारामला जाऊन शुक्रवारी वर्ष झालं. (बिजली खात्यानं तुला रजा दिली नाही, हे तुझं कार्ड पोचलं.) त्या शुक्रवारच्या महिनाभर आधी त्याची आई, आपल्या आवडामावशी, औरंगपुऱ्यातून चालत माझ्या छापखान्यात आल्या. मुदतीच्या तापानं पोरगा नेला आणि मागं त्याची एक तसबीरसुद्धा नाही. म्हणाल्या, "बद्री, तुमच्या साळंत समद्यांचा फोटू काढला व्हता नव्हं? त्यातला माझा पुंजा तेवढा मोठा करून दे." मी हो म्हणालो. मी एखाद्या कामाला हो म्हणालो की माझी झोप जाते, हे तुला ठाऊक आहे.

चांदपाशा आता आपल्याच शाळेत कारकून आहे. त्यानं तो वर्गाचा फोटो चार दिवसांसाठी मागून आणला. आपण सगळे मागच्या रांगेत बाकावर उभे आहोत, एकेकाचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि खाली उर्दूत नावं. मी आठवीत दोनदा बसून शाळा सोडली असली तरी नावं वाचण्यापुरती उर्दू मला येते. उजवीकडून वाचत गेलो, पुंजाराम चौथा. चितारी तात्यासाहेब जालन्याला राहतात, तेव्हा फोटो रेल्वेच्या पार्सलनं पाठवला आणि सोबत बारा ओळींची चिठ्ठी. चौकटीची लांबी-रुंदी, शेरवानीचा रंग, गुंड्या पाचच (सहा नव्हेत), टोपी काळी, आणि शेवटी 'मागच्या रांगेत सुरुवातीपासून चौथा'. चिठ्ठी मी तीनदा तपासली. एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली. खिळे जुळवणाऱ्या माणसाची खोड अशी की तो अक्षर तपासतो, तोंड तपासत नाही.

तात्यासाहेबांना उर्दूचा गंध नाही. त्यांची सुरुवात डावीकडून होते.

तसबीर शुक्रवारी दुपारच्या गाडीनं आली, कापडात शिवलेली. मावशींच्या घरी चांदपाशा, आपल्या वर्गातला हेमचंद्र, मी आणि मावशी एवढेच होतो. कार्यक्रम मी कागदावर आखला होता: आधी हार, मग कापड काढणे, मग हेमचंद्राचं भाषण. (हार आधी कशाला, असं चांदपाशानं विचारलं होतं. मी म्हणालो, मृताचा चेहरा हाराशिवाय उघडा पडू नये. आता वाटतं, विचारलं तेव्हाच ऐकायला हवं होतं.) हार घातला. मी खालून कापड ओढलं आणि घडी घालायला बसलो, कारण घडी घातल्याशिवाय मला राहवत नाही. तेवढ्यात हेमचंद्रानं कागदातच डोकं घालून सुरू केलं की, समोर दिसणारा हा हसरा चेहरा आता या जगात पुन्हा दिसणे नाही, तो ईश्वराला प्रिय झाला. त्याचं 'ईश्वराला' पुरं व्हायच्या आत चांदपाशा ओरडला, "अबे, ये तो अपना निजाम है! इसको कब मारे तुम लोगां?"

मी वर पाहिलं. भिंतीवर तू होतास. काळी टोपी, पाच गुंड्या, गळ्यात झेंडूचा हार. काळी टोपी तुला शोभत नाही, हे मित्र म्हणून सांगतो. बाकी काम फार सुबक होतं.

एका आईनं वर्षभरानं एक गोष्ट मागितली आणि मी तिच्या भिंतीवर दुसऱ्याचा, तोही जिवंत, मुलगा टांगला. मी हार काढायला धावलो तर कापडात पाय अडकून हेमचंद्रावर पडलो आणि हेमचंद्र भाषणासकट रांजणावर. तेव्हा मावशी हसल्या. पदर तोंडाशी धरून आधी, मग पदर सोडून. "आरं हा तर निजाम! माझ्या चुलीवरची भाकर उचलून पळणारा! बरा आला, गुमान हार घालून बसलाय!" निजाम, वर्षात त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आम्ही तिघंही हसायला लागलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. (माझं पाणी थोडं भीतीचंही होतं.)

मग भाषण राहिलंच. ओल्या सतरंजीवर बसून आम्ही पुंजारामच्या गोष्टी काढल्या. दौलताबादच्या सहलीत किल्ल्याच्या अंधारीत त्यानं तरसासारखा आवाज काढला आणि कवायतीचे मास्तर एक जोडा तिथंच टाकून पळाले, ती गोष्ट. मी म्हणालो मास्तर वर पळाले, चांदपाशा म्हणाला खाली, हेमचंद्र म्हणाला ते पळालेच नाहीत, त्यांना मुलांनी उचलून नेलं. जोडा कुणालाच सापडला नव्हता. मावशी उठल्या, आत गेल्या आणि तो जोडा घेऊन आल्या. सात वर्षं त्या त्यात लसूण ठेवत होत्या! पुंजारामनं सांगितलं होतं, बाजारातून खास लसणासाठी आणलाय. चांदपाशा जमिनीवर आडवा होऊन हसत होता. त्या दुपारी पुंजाराम आमच्यात बसला होता, असं मी लिहिलं तर तू मला वेडा म्हणशील, पण लसणाचा वास खरा होता.

हसून झाल्यावर मावशींनी डोळे पुसले आणि साधेपणानं विचारलं, "मंग माझा कुठंय?"

मी भिंग काढलं, तसबिरीबरोबर परत आलेला मूळ फोटो त्यांच्यापुढं धरला आणि या वेळी उजवीकडून चौथा दाखवला. निजाम, फोटो निघताना त्यानं मान हलवली होती. नुसता पांढरा फराटा आहे, नाक दोन आणि डोळा एकही नाही. मावशींनी पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाल्या, "हा नाय. हा धूर हाय." मग भिंग माझ्या हातात परत देऊन, "डोळं मिटलं की कपाळ दिसतं, नाक दिसतं. हनवटी येत नाय आता." मी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

झालं ते असं. दोष सर्वस्वी माझा आहे. घरी अम्मीजान आणि अब्बाजान यांना माझे आदाब. राहतबहिणीला आशीर्वाद. त्यांना हाराचं सांगू नयेस.

तुझा अपराधी,
बद्रीनाथ

ता. क. तुझी तसबीर उतरवू द्यायला मावशी तयार नाहीत. हार तेवढा मी काढला. गल्लीतल्या दोघीजणी दारातून पाहून 'भला पोरगा व्हता' म्हणून हळहळून गेल्या. मी मागं धावत जाऊन खुलासा केला.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. निघताना चांदपाशा दारात अडखळला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की, खुलताबादच्या उरुसात तू आणि पुंजाराम, दोघांनी फोटोवाल्याच्या तंबूत बसून एक फोटो काढून घेतला होता. तो दिवस गणिताच्या वार्षिक परीक्षेचा. पुंजारामनं घरी सांगितलं की पेपर दिला, मास्तरांनी मुद्दाम नापास केलं, आणि मावशी त्या मास्तरांना भर रस्त्यात वाट्टेल ते बोलून आल्या. म्हणून हा फोटो कधी कुणाला दाखवायचा नाही, अशी त्यानं तुला आपल्या आईची शपथ घातली. चांदपाशा म्हणतो, फोटो तुझ्या ट्रंकेत आहे, आणि मावशींच्या जिवाला काही होऊ नये म्हणून तू वर्षभर गप्प आहेस. त्याचं म्हणणं खरं असेल तर तू आम्हा सगळ्यांत शहाणा आहेस, आणि थोडा गाढवही आहेस.

तिसरा ता. क. हे मी मावशींच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. वरचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. गणिताचं ऐकून त्या पुन्हा हसल्या, मग रडल्या, मग मास्तरांची माफी मागायला उद्याच जाते म्हणाल्या. फोटो टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, तुझ्या वाटणीची भाकर तयार आहे. आणि शपथ ज्यांच्या नावाची होती त्या स्वतः सांगत आहेत, मी फक्त लिहितो आहे, त्या म्हणतात तीनदा लिही: सुटली, सुटली, सुटली.