पासवाल्यांची सीट

प्रिय राजवीर,

मामांकडे फोन बंद करून लपून बसला आहेस, म्हणून कागद काढला. मामी उद्या आजऱ्याला परत निघाली आहे, तिच्याजवळ देते. तिला सांगितलं आहे, त्याच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस. प्रिय लिहिलं ते खरंच आहे. परका असतास तर तुझ्यासाठी माझा इतका जीव जळला नसता. त्या सकाळी बसमध्ये तुझ्या थोबाडीत मारली, ती कमी पडली असं मला रोज वाटतं.

आधी घरचं सांगते. म्हैस व्याली, रेडी झाली. आईनं खरवस केला, सवयीनं तुझी वाटी भरली आणि मग ती परड्यात नेऊन कुत्र्यासमोर उपडी केली. तुझं नाव ती काढत नाही. आप्पा डेअरीत दूध घालून खाली मान घालून परत येतात, पण घरात आले की त्यांचा आवाज चढतो. पोराचं वय आहे, गरम रक्त आहे, चार दिवसांत सगळं थंड होईल, असं म्हणतात. थंड काय होणार आहे ते मी पुढे लिहिते.

भडका त्या पासानं उडाला, हे मी नाकारत नाही. यंदा विद्यापीठानं प्रवेशाबरोबर सवलतीचा बसपास सक्तीचा केला. गाडीवरून या नाहीतर उडत या, पास घ्यायचाच. सवलत वाढली, बसगाड्या मात्र होत्या तेवढ्याच. पास आहे तर पेट्रोल कशाला, म्हणून आप्पांनी तुझ्या गाडीची किल्ली काढून घेतली. तेव्हा तू लाथ घालून परड्यातलं पाण्याचं बॅरल फोडलंस. आप्पा चिडायचे सोडून कौतुकानं म्हणाले, तालमीचा पाय आहे. मला वाटतं, तू तिथंच बिघडलास.

बिद्रीहून सुटलेली बस आपल्या फाट्यावर येईपर्यंत गच्च असते. मीही त्याच पासावर दारात लोंबकळत एम.एस्सी.ला जाते, तेव्हा तुझा राग मला शिकवू नकोस. जादा गाड्या मागायचं निवेदन द्यायला मी पहिल्या रांगेत होते आणि तुम्ही तालमीवाले कँटीनमध्ये मिसळ खात होता. मग तुम्ही स्वतःचाच कायदा केलात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपल्याकडची रीत आहे, लोक ती मानतातही. तू आणि तुझ्या तालमीतल्या सम्राटनं रुमालाऐवजी दप्तरं फेकायला सुरुवात केली. मागच्या सगळ्या सीटा म्हणे पासवाल्यांच्या. तिकीट काढून बसलेल्या बायाबापड्यांना तुम्ही दंडाला धरून उठवत होता, आणि आपले कंडक्टर इलाहीचाचा प्रत्येक वेळी मध्ये पडून दोन्हीकडच्यांना समजावत होते.

इलाहीचाचा आठवतात ना? की डोळ्यासमोर फक्त त्यांची खाकी आहे? बारावीच्या पेपराला तुझं हॉल तिकीट सापडत नव्हतं, तेव्हा फाट्यावर बस उभी करून, ड्रायव्हरच्या शिव्या खात, तू पळत येईपर्यंत त्यांनी घंटी मारली नव्हती. तुला जन्मापासून ओळखत असून रोज मुद्दाम विचारायचे, काय पैलवान, पास दाखवा की. तू छाती फुगवून दाखवायचास. पूर्वी तुला ते आवडायचं.

त्या दिवशी तू फेकलेली पिशवी धोंडुबाईच्या तोंडावर बसली. आपल्याच गल्लीतली धोंडुबाई, दह्याचं मडकं मांडीवर घेऊन बाजाराला निघालेली. पिशवीतला स्टीलचा डबा तिच्या भुवईवर आदळला. भुवई फाटली, मडकं फुटलं, रक्त आणि दही एक होऊन तिच्या लुगड्यावरून ओघळायला लागलं. चाचांनी ती पिशवी उचलली आणि खिडकीतून रस्त्यावर भिरकावली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पुढचं तू पाहिलंच नसशील, कारण तुझे डोळे माणसाचे राहिले नव्हते. तू वर चढलास तो सरळ त्यांच्या गळ्याला हात घातलास. तिकिटाचं मशीन त्यांच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेलं होतं. तो पट्टा पिळून तू त्यांना दांडीला दाबलंस आणि तेच मशीन हिसकून त्यांच्या तोंडावर मारत राहिलास. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. मी तुझे केस ओढले, तुला मारलं, तू मला कोपरानं झटकून धोंडुबाईच्या अंगावर पाडलंस. चाचांनी हातसुद्धा उचलला नाही. एवढंच म्हणाले, "पैलवान, बास कर की. म्या पास मागत न्हाय आता." त्यानंतरही तू मारलंस. मग पायरीवरून त्यांना खाली डांबरावर ढकललंस आणि उसातून पळालास.

ज्यांनी पास सक्तीचा केला ते चारचाकीतून येतात. त्यांच्या कॉलरीपर्यंत तुझा हात पोचत नव्हता, म्हणून जो रोज हाताशी होता त्याला तू फोडलास. तुझी पैलवानकी ती एवढीच.

चाचांचा डावा डोळा गेला. उरलेल्या डोळ्यानं ते छताकडे बघत पडलेले असतात. मी सरकारी दवाखान्यात गेले, तर चाचांच्या बायकोनं, हुसेनबींनी, मला पाणी विचारलं.

आणि हे तुला मामांनी सांगितलं नसेल. सम्राटनं चाचा पिशवी फेकतात तेवढाच तुकडा मोबाइलवर पसरवला. खाली लिहिलं की पिशवीत देवाची तसबीर होती, कंडक्टरनं मुद्दाम फेकली. दुसऱ्या संध्याकाळी बाहेरची पोरं काठ्या घेऊन आली. चाचांच्या घराची कौलं फोडली, त्यांच्या मुलाचं, अरबाजचं, सायकलचं दुकान पेटवलं. तुझी पहिली सायकल त्यानंच जोडून दिली होती. मध्ये गेला म्हणून त्याच्या हातावर काठी बसली, हाड मोडलं. जाळणारे तुझं नाव घेऊन ओरडत होते. तुझा जयजयकार चालला होता, राजवीर.

पिशवी मी भरली होती. डब्यात भाकरी आणि खर्डा, बाजूला तुझा लंगोट आणि ओला टॉवेल. तसबीर नव्हती. मी ती रस्त्यावरून उचलून आणली, तर आप्पांनी बंबात घालायला सांगितली. म्हणाले, "पोरगं तुजा भाऊ हाय का न्हाय?" मी म्हटलं, आहे; आणि पिशवी धान्याच्या कणगीत लपवली. ती तशीच आहे, डब्याला धोंडुबाईचं रक्त आहे. धोंडुबाईला सम्राट दोनदा धमकावून गेला. तिनं त्याच्यावर केरसुणी उगारली.

आता का लिहिते ते सांगते. शनिवारी मी आणि धोंडुबाई पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणार आहोत. पिशवी बरोबर घेणार. तू कुठे आहेस तेही सांगणार. आप्पांनी घराबाहेर काढलं तरी सांगणार. पण त्याआधी तू स्वतः यावंस, तुझ्या तोंडानं सांगावंस की पिशवीत देव नव्हता, तुझा राग होता, म्हणजे निदान चाचांच्या दारातली काठी तरी थांबेल. शनिवारी सकाळी मी मुद्दाम उलट्या दिशेनं बिद्रीला येते, तू आजऱ्याहून तिथं ये, बस तिथून रिकामी सुटते. धोंडुबाई फाट्यावर चढेल. माझ्या शेजारच्या सीटवर मी तुझ्यासाठी रुमाल टाकून ठेवीन. फाट्यापर्यंत ती जागा तुझी. तोवर तू आला नाहीस तर मी रुमाल उचलेन आणि धोंडुबाईला तिथं बसवेन.

तुझी पिशवी भरणारी, अजूनही तुझीच,
आक्का
(संयोगिता)