वळणावरची फटफट

महाड, ८ सप्टेंबर २०२५

ती. दत्तादादास,
सौ. अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू गाडी चालू ठेवूनच बोलतोस. काल सात मिनिटांत मला दोनच शब्द कळले, प्लग आणि गाढव. दुसरा मला होता की प्लगला, ते कळलं नाही. म्हणून हे पत्र.

बाबांच्या पन्नास वर्षांच्या फटफटीला तू पळवायला निघालायस, हे तुझ्या शेजारच्या साहिलच्या दर्शनाकडून कळलं. गेल्या दसऱ्याला कापड्याच्या गाड्या उमरठला सोनं लुटायला गेल्या, तेव्हा चढावर तुला याच दर्शनाने स्कूटीवरून मागे टाकलं होतं. मागे सासू, पायाशी तांदळाचं पोतं. तू पोचलास तेव्हा आपट्याचं एक पान उरलं नव्हतं. मनाला लागलं असेल, समजू शकते. पण दादा, बाबांनी ती गाडी हयातभर बैलासारखी चालवली. घोडा करायचा म्हणून कोणी बैलाला कानस लावत नाही.

दर्शना असंही म्हणाली, की काकी फार वाळल्यात. आईचं काय ते नीट लिही. इंजिनाबद्दल लिहिलंस तर मी वाचणार नाही.

तुझा लोभ आहेच, तो गाडीच्या खालोखाल तरी असू द्यावा.
तुझी अनुपमा

कापडे, १३ सप्टेंबर २०२५

चि. अनुपमास अ. उ. आ.

तू वाचणार नाहीस म्हणून आधी इंजिनाचंच लिहितो. कार्बोरेटरचं जेट मोठं केलं तर प्लग काळा, लहान केलं तर इंजिन तापून बंद. पोलादपूरचा पांडू मिस्त्री म्हणाला, सिलिंडरचं हेड घास, ताकद वाढंल. घासलं. मग तोच म्हणाला, जरा जास्तच घासलंस. आता घासलेला धातू परत चिकटवायचा कसा, असं विचारलं तर चहा प्यायला निघून गेला. दुसरं हेड महाडात नाय, मुंबईत नाय. सायलेन्सरही आखूड कापला. किका मारून पाय सुजलाय. पण अनू, साठच्या पुढं जाते! या दसऱ्याला दर्शनाने माझा धूर खावा, एवढंच मागणं हाय.

आयेचं म्हणशील तर तीही बिघडलीय. तुझी वहिनी मुंबईला, सोनालीच्या बाळंतपणाला. मी संध्याकाळी सोसायटीच्या कामावरून घरी येतो तर तवा थंड, पीठ झाकलेलं आणि ही उंबऱ्यावर. आये, भाकरी? तर म्हणते, गाडी नाय आली अजून. अगं, गाडी समोर उभी! डोळे अधू झालेत ते ठाऊक हाय, पण म्हणून एवढं? मग मी भात टाकतो, ती दोन घास खाऊन उठते. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही. इंजिन आणि आये, दोघांपुढं मी हात टेकले.

जावईबापूंना नमस्कार सांग. आशीर्वाद देण्यापुरता मोठा,
दत्ताराम

महाड, २२ सप्टेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न.

परवा मी आले तेव्हा तू अजून सोसायटीत होतास. आईजवळ चुलीपाशी बसले होते. पिंपळाच्या वळणावर काहीतरी किंचाळलं. आई म्हणाली, कोण मुंबईवाला आला वाटतं. तो तू होतास.

दादा, पन्नास वर्षं ती बाई वळणावरची फटफट ऐकून भाकरी तव्यावर टाकतेय. गाडी चढ चढून अंगणात यायला जेवढा वेळ, तेवढाच भाकरी फुगायला. आधी बाबांसाठी, मग तुझ्यासाठी. दिसेनासं झाल्यापासून तर तेच तिचं घड्याळ. तू ते कानशीने घासून टाकलंस. तू घरात आलास हे तिला कळतं, गाडी आली हे कळत नाही. मी खूप समजावलं. म्हणाली, गो, तुझ्या सांगण्यावर भाकरी कशी फुगंल?

ह्यांच्याबरोबर डबा पाठवतेय. फराळ नाही. बाबांनी भंगारातून आणून ठेवलेलं जादा हेड आहे. बिनकामाचं समजून मी उचललं होतं. नऊ वर्षं माझ्या मिठातल्या कैऱ्यांवर दडपण म्हणून बसलंय. बसवलंस तर सायलेन्सरही लांब लाव, आणि शर्यत विसर. दसरा दहा दिवसांवर आहे. ठरव तूच, मी मत देत नाही. फोनवर गाढव कोणाला म्हणालास, तेवढं मात्र आता उमगलं. आरसा जवळ असेल.

रागावूनही तुझीच,
अनुपमा

कापडे, ३ ऑक्टोबर २०२५

चि. अनुपमास अ. उ. आ.

सायलेन्सर लांब लावला, हेडही बसवलं. चार वेळा धुतलं तरी तापलं की कैरीचा वास सुटतो. पांडू म्हणतो, ही पहिलीच गाडी, जिचं इंजिन मुरलंय.

काल उमरठच्या चढावर दर्शना पुन्हा पुढं गेली. या वेळी पोती दोन. वर जाताना हात हलवला तिने, त्याचा राग जास्त. पोचलो तर नुसत्या काटक्या. तणतणत परतलो, आणि पिंपळाच्या वळणावर चार वेळा फटफटून ही बया बंद पडली! चढावर ढकलत आणली. अंगणात आलो तर घरभर धूर, भाकरी करपलेली. आये ओरडली, तुझ्या बापानं कधी भाकरी करपवली नाय रे!

करपलेली मी खाल्ली. तिने दुसरी टाकली, आणि पुरी खाल्ली.

मी घासलेलं हेड याच डब्यातून परत पाठवतोय. कैऱ्यांवर ठेव. जरा हलकं झालंय, सांभाळून घे, तसंच मलाही.

तुझा दादा,
दत्ताराम