शुक्रवारची बाटली

दार्सैत, मस्कत
१७ जानेवारी २०१४

आदरणीय बाबा,
तुम्हाला आणि आईला मनापासून जयभीम.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, आईला सांगा.

लॅबमध्ये मी नक्की करते काय, असं तुम्ही विचारलं होतं. प्रत्येक पेशीत निकामी प्रथिनं तोडून साफ करणारं एक यंत्र असतं. तुमचं इंजेक्शन ते यंत्र बंद पाडतं. मग मोरी तुंबावी तसा आत कचरा साचतो आणि कॅन्सरची पेशी मरते.

माझं काम त्याच औषधावर आहे. तुमच्याच आजाराच्या पेशींची एक बाटली मी वेगळी ठेवली आहे. तुम्हाला शुक्रवारी इंजेक्शन, म्हणून तिलाही शुक्रवारीच औषध देते. इथे शुक्रवारी सुट्टी असते. सोबतचा रत्नागिरीचा नबील हसतो, "बाटलीने शुक्रवार धरलाय काय?"

सात शुक्रवार पेशी भराभर मेल्या. आठव्याला थोड्या जगल्या. आज पाहिलं तर त्या वाढल्यात. माझंच काहीतरी चुकलं असेल. बाटली म्हणजे माणूस नव्हे, मनाला लावून घेऊ नका.

तुमचंही आठवं झालं ना? दादाने रिपोर्टच्या पहिल्याच पानाचा फोटो पाठवला. दुसरं पान पाठवायला सांगा.

आई फोनवर म्हणाली, उकडतं म्हणून तुम्ही पलंग सोडून जमिनीवर झोपता. आजार निघाला त्या वर्षी पाठ दुखायची, तेव्हाही तुम्ही असेच खाली झोपायचात.

बाबा, महाडला जानेवारीत उकडतं का?

तुमची,
मैत्री