काचेपलीकडचं बोट

कारखाना वसाहत,
५ डिसेंबर २०२४

ती. स्व. शिवलिंगमामांस,
उत्तरेश्वरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मामी सांगताना निम्मं गाळते, म्हणून पत्र.

गाळप जोरात आहे. मी अजून ऊस पिळायच्या मिलवरच आहे. डाव्या कानात बोळा घालतो. उजवा उघडा ठेवतो, बेअरिंग कुरकुरलं तर कळावं म्हणून. तुम्हीच तसं शिकवलंत. पण आता सुट्टीच्या दिवशीही त्या कानात रातकिडा ओरडत असतो. आईला कळवू नका.

बुधवारी कान तपासायला बाई येणार. पहिल्या वर्षीच्या तपासणीशी ताडून पाहतात. कान उतरला असेल तर नोंद होते आणि मिलवरून काढून वजनकाट्यावर बसवतात. माझ्या पाळीतला बजरंग आत्ताच मला काटेवाले म्हणून हाक मारतो. शिवलिंगचा भाचा दोनच हंगामांत बाद, असं लोक म्हणतील. तुम्ही दरवर्षी पास कसे झालात?

आपला आज्ञाधारक,
उत्तरेश्वर


ईट,
९ डिसेंबर

चि. उत्तरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

लई सोपं आहे. आवाज आला की बटन दाबायचं असतं ना? आवाजाची वाट बघायची न्हाय. काचेतून बाईच्या बोटाकडं बघायचं. तिचं बोट हललं की दाबायचं. म्या शेवटपर्यंत असाच पास झालो. कागदावर माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

तुझी मामी गिरिजाबाई म्हणते, कारखान्यानं कान ठेवून घेतले अन् नवरा तेवढा परत पाठवला.

परवा नात मला पहिल्यांदा आजोबा म्हणाली. तुझ्या मामीनं पाटीवर लिहून दाखवलं.

आता तुझं तू ठरव. जिवाला जप.

तुझा मामा,
शिवलिंग


कारखाना वसाहत,
१३ डिसेंबर

ती. स्व. मामांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बुधवारी सकाळीच मिळालं. नोंद झाली. सोमवारपासून काट्यावर. बजरंगनं चेष्टा केली नाही. काल तो दोन्ही कानांत बोळे घालून आला.

मी खुर्ची फिरवून काचेकडं पाठ करून बसलो. बाई म्हणाल्या, इकडं तोंड केलं तरी चालतं. मी म्हणालो, नको, असंच बरं. डावा कान झाला. मग उजवा. बटनावर अंगठा ठेवून मी वाट बघत राहिलो, बाई कधी सुरू करतात याची. तेवढ्यात त्यांनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि झालं म्हणून खूण केली.

संक्रांतीला येतो. नातीला माझ्या डाव्या बाजूला बसवा. मामीस नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
उत्तरेश्वर