होहोवूफच्या भिंती

बोख्निया
सोमवार, १ जून

प्रिय तिमेक,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक आहेस, परवा डोळ्यांनी पाहिलं. जरा वाळलायस. बाबांचा गुडघा ऊन पडायला लागल्यापासून कमी दुखतो. मे म्हणजे मारियेचा महिना, त्यातली शेवटची प्रार्थना काल झाली. चौकातल्या मूर्तीपाशी आम्ही नऊच बायका होतो, त्यातल्या दोघी गुडघे टेकल्यावर उठायला दुसरीचा हात मागतात. बागेत टोमॅटोची रोपं लावून झाली. बाबा रोज संध्याकाळी तिथल्या खोपटात मोबाईल घेऊन जातात आणि अर्ध्या तासानं परत येतात. विचारलं तर म्हणतात, रोपांना पाणी घालत होतो. झारी कोरडी असते. मी काही बोलत नाही. तुझा आवाज ऐकून आलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो.

आता शनिवारचं. मी तुझ्यावर पाळत ठेवायला आले नव्हते. सहलीच्या ऑफिसातल्या मुलीला फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं की गाईड कोण. ती म्हणाली, शनिवारी रोमान म्हणून वयस्कर गृहस्थ असतात, सावकाश चालवतात. म्हणून नाव दिलं. त्यांची कंबर ऐन शनिवारी धरेल आणि तू येशील, हे मला कसं ठाऊक असणार? मला फक्त ते होहोवूफ गाव लांबून बघायचं होतं. खरं सांगायचं तर तू लग्न करतोयस ती तिथली मुलगी बघायची होती. कशी आहे, कशात तू एवढा अडकलास, ते. डोक्यावरची निळी टोपी स्तेफामावशीची होती. तिला सांगितलं होतं की दाताच्या डॉक्टरकडे जातेय. दाताच्या डॉक्टरकडे टोपी कशाला, हे तिला अजून कळलेलं नाही.

क्राकूवच्या स्टँडवर तू डोकी मोजत बसमध्ये आलास. एकेचाळीस, बेचाळीस, आणि माझ्यापाशी थांबलास. तू म्हणालास, "बाई, तुम्ही पुढं बसा. मागं धक्के फार लागतात." मग माझ्या मांडीवर एक कागदी पिशवी ठेवलीस, मागं वळून "त्रेचाळीस" म्हणालास आणि ड्रायव्हरला निघायची खूण केलीस. मला गाडी लागते; लहानपणी तू मांडीवर असायचास तेव्हाही मला अशीच पिशवी लागायची. तेव्हा ती तू धरायचास.

शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "किती बघतो हो सगळ्यांचं. घरचं वळण चांगलं दिसतंय."

मी म्हटलं, "असेल."

डोंगरातल्या झाकोपानेत सगळे खानावळीत गेले. मी बाकावर घरचा पाव आणि उकडलेली अंडी काढली. तू लांबून दोनदा बघितलंस, मग आलास. "बाई, मीठ आहे ना?" "आहे." तू थोडा वेळ उभा राहिलास. समोर डोंगरावर बर्फ दिसत होता. "हवा चांगली मिळाली आज," तू म्हणालास. "मिळाली," मी म्हटलं. चार महिन्यांनी आई आणि मुलगा भेटले ते एवढं बोलले.

होहोवूफला गाडी थांबली तेव्हा तू माईकवर सांगितलंस की कॉर्पुस क्रिस्तीच्या, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या, सणाआधी इथल्या बायका घराच्या बाहेरच्या भिंती घासून धुतात, म्हणून शंभर वर्षांचं लाकूडसुद्धा काल तासल्यासारखं दिसतं. चांगलं सांगितलंस, पण घाईनं. घाई का होती ते उतरल्यावर कळलं. तिसऱ्याच घरासमोर शिड्या लावलेल्या, साबणाचं पाणी अंगणातून वाहतंय, आणि खालच्या थोराड बाई, त्या विक्ताबाई, सगळ्यांदेखत ओरडल्या, "काय हो नवरदेव, बादल्या कोण उचलणार? का आज पाहुणे आणलेत म्हणून सुट्टी?"

सगळी बस हसली. तुझे कान लाल झाले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

शिडीवर त्यांची लेक, तुझी ब्रोनिया होती. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत लाल झालेले हात. मी मनात तिचं जे चित्र काढून ठेवलं होतं त्यात तिनं ओठ रंगवलेले होते. काय काय रंगवतो आपण.

लोक फोटो काढायला लागले, तेव्हा विक्ताबाई म्हणाल्या, "फोटो काढा, पण ब्रशही बरेच आहेत बरं का." कुणी पुढं आलं नाही. मी गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. उभं राहून बघणं सहन होईना आणि पळून जायलाही जागा नव्हती. हाताला काम असलं की माझं डोकं ताळ्यावर राहतं, हे तुला माहीत आहे.

ब्रोनिया भिंतीतल्या वरच्या ओंडक्यावर, मी खालच्या. ओंडक्यांच्या फटीत थंडी अडवायला लाकडाच्या बारीक ढलप्यांच्या वेण्या बसवलेल्या असतात, त्या सांभाळून घासायचं, असं तिनं मला शिकवलं. नाव विचारलं. मी सांगितलं, स्तेफा. सणाच्या तोंडावर खोटं बोलले.

मी विचारलं, "लग्न कधी?"

"वीस तारखेला. तयारी सगळी झाली. फक्त त्याच्या आईचं उत्तर नाही." तिनं ब्रश बादलीत बुडवला. "चर्चला निघण्याआधी घरातून आईबापांचा आशीर्वाद घ्यायचा असतो, तुमच्याकडेही असेलच. आमच्याकडे त्याशिवाय घोडे जुंपत नाहीत."

"आणि ती आलीच नाही तर?"

"तो म्हणतो, नाही येणार, आणि तिचं बरोबरच आहे. फादर व्हायला सेमिनरीत होता, ती सोडून आला ना. म्हणतो, देवाला दिलेला शब्द मी मोडला, माझ्यामुळं आईची मान खाली गेली. जेवताना मध्येच गप्प होतो." मग म्हणाली, "मला त्या बाईंचा राग येत नाही हो. पण एकदा येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवायला काय जातं?"

मी ओंडका घासत राहिले. त्या ओंडक्यावर आता घासायला काही उरलेलं नव्हतं.

विक्ताबाई पाव आणि चीज घेऊन आल्या. माझ्या हाताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही आधी कडा घासता, मग मध्य. आमचा होणारा जावई भांडी घासतो, अगदी अस्संच. मी त्याला म्हणते, बाबा, हे कुठं शिकलास?" उत्तराला थांबल्या नाहीत. चीजचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि लेकीवर ओरडायला गेल्या की छपराखालचा कोपरा राहिला. त्यांना कळलं होतं. ब्रोनियाला त्यांनी नंतर सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर तू सांग की स्तेफा म्हणजे मी, आणि मी तिची क्षमा मागते.

परत क्राकूवला तू एकेकाला हात देऊन उतरवत होतास. मला विचारलंस, "बाई, सहल ठीक झाली ना?" मी म्हटलं, "गाईड चांगला आहे. जरा सावकाश बोलावं." तू हात सोडला नाहीस. मला तेव्हाच सांगायचं होतं. मागून चीजचा खोका घेतलेला एक माणूस म्हणाला, "मावशी, चला, माझी पुढची गाडी चुकेल." मी चालायला लागले.

तर आता सांगते. हे पान तू शांतपणे वाच.

तू आठ महिन्यांचा असताना तुला न्यूमोनिया झाला होता, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा नाही म्हणून मान हलवली, हे माहीत नाही. बाबा कामावर होते. मी इस्पितळाच्या जिन्यावर बसून देवमातेला नवस बोलले की ह्याला वाचव, मी हा तुझ्या मुलाच्या वेदीला देते. तू वाचलास. हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही.

त्यानंतरचं सगळं मी केलं. जुन्या पडद्याचा तुला छोटा पाद्र्याचा झगा शिवला. मोठेपणी कोण होणार, असं विचारायची. तू म्हणायचास, आगीचा बंब चालवणार. मी ऐकलंच नाही असं दाखवायची आणि पुन्हा विचारायची. सातव्या वर्षी एकदा तू म्हणालास, "फादर." त्या दिवशी मी केक केला. पोरगं शहाणं, केक कशानं मिळतो ते तुला कळलं. मग तू दरवेळी तेच म्हणत गेलास, आणि मी सगळ्यांना सांगत गेले की ह्याला आतूनच ओढ आहे.

जानेवारीत तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास तेव्हा मी म्हणाले, देवाला दिलेला शब्द तू मोडलास. तू बॅग उचललीस आणि गेलास. तुला वाटलं, असेल आपलाच शब्द.

तो शब्द तुझा नव्हता, तिमुश. माझा होता. तू काहीही मोडलं नाहीस.

काल चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी आपल्या नव्या तरुण फादरना गाठून हे सांगितलं. मला वाटलं होतं, रागावतील. ते म्हणाले, "काकू, नवस ज्यानं बोलला त्यानंच फेडायचा असतो. लेकराच्या वतीनं नाही बोलता येत. तुम्ही आजवर मुलाकडून त्याचं उत्तर मागत होतात, की तुमचंच?" मी घरी येईपर्यंत रडले. मग बाबांना सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत राहिले. म्हणाले, "लुत्सिया, सव्वीस वर्षं एकटी घेऊन बसलीस होय हे?" एवढंच. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

माझी तुझ्याकडे एक मागणी आहे. मला क्षमा कर. आज नाही जमलं तर नंतर कर, पण मनापासून कर. लग्नात आईबापांपुढं मुलांनी गुडघे टेकायचे असतात. त्याआधी माझं तुझ्यापुढं हे होऊन जायला हवं, नाहीतर तुझ्या डोक्यावर ठेवलेला हात मलाच जड होईल.

तू मार्चमध्ये पत्रानं लग्नाला बोलावलं होतंस. मी पत्र वाचून उत्तर दिलं नाही. ते बोलावणं अजून आहे असं मी धरून चालणार नाही. आजवर तुझं सगळं मीच धरून चालत आले. ह्या वेळी तू ठरव. ये म्हणालास तर क्रूस आणि पवित्र जल घेऊन आदल्या दिवशीच येईन, स्वयंपाकाला हात लावेन. नको म्हणालास तर वीस तारखेला सकाळी आठला इथल्या मिस्साला प्रार्थनेसाठी तुम्हा दोघांचं नाव देईन, आणि राग धरणार नाही.

बाबांना कळवलंस तरी चालेल. आज संध्याकाळी झारी मीच भरून ठेवणार आहे, त्यांना आता खोपटात जायचं कारण नाही. फोन घरातच उचलतील.

तू बोलावलंस तर येणारी,
तुझी आई