त्रेसष्टावा अंक

मी, विजयालक्ष्मी माधव कारखानीस, वय सत्याहत्तर, महाविद्यालयातून निवृत्त झालेली पदार्थविज्ञानाची व्याख्याती, राहणार जवाहर नगर, जयपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या भाषेत आणि पूर्ण भानावर असताना लिहून ठेवत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि शस्त्रक्रिया करून घ्यायची नाही हे माझे मी ठरवले आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. यापूर्वी २०११ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घरदार, दागिने सगळे होते. जी गोष्ट लिहायला हवी होती तीच मी टाळली होती.

१. माझे यजमान कै. माधव विमा कंपनीच्या नोकरीत १९७९ साली सांगलीहून बदलून इथे आले आणि त्यांनी हे घर बांधले. हे घर व माझ्या नावावर जी काही शिल्लक निघेल ती माझा मुलगा गंधार याला मिळावी. तो हैदराबादला स्थायिक आहे. इथे परत येणार नाही हे बोलायला त्याला जड जाते, म्हणून मीच लिहिते: घर विकावे, मनाला लावून घेऊ नये.

२. गच्चीवरच्या खोलीतली दुर्बीण गंधारची मुलगी अवनी हिची. तिने ती धूळ न पुसता वापरू नये.

३. 'दूरतारा' या मासिकाचे अंक एक ते त्रेसष्ट, म्हणजे जून १९८३ ते ऑगस्ट १९८८. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

'दूरतारा' हे कोल्हापूरहून निघणारे विज्ञानकथांचे चित्रमासिक होते. पाने चोवीस. माझा थोरला मुलगा यतीन आठ वर्षांचा असल्यापासून ते वाचत असे. इथे मराठी पुस्तके मिळत नसत, त्यामुळे आमच्या गल्लीत राहणाऱ्या, बँकेतल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी सुवर्णा आणि मी, अशी दोघींची मिळून एक वर्गणी होती. अंक माझ्या पत्त्यावर येई. सुवर्णाची मुलगी सई यतीनपेक्षा वर्षाने लहान. अंक आला की दोघे आमच्या पायरीवर एकच अंक दोघांच्या मांडीवर पसरून वाचत आणि सईचे पान संपेपर्यंत यतीनला उलटू न देण्यावरून भांडत. मग महिनाभर पुढे काय होणार याची चर्चा.

बासष्टाव्या अंकाच्या शेवटी यानाचा दरवाजा बंद झाला आणि रेवा नावाची दिशादर्शक मुलगी बाहेर, अंधाऱ्या ग्रहावर राहिली. तिच्याकडे दोन तासांची हवा होती. यतीनचे म्हणणे, बाहेर राहिली ती रेवा नव्हेच, तिच्या पोशाखात यंत्रमानव आहे. सई म्हणे, यान परत येणार. यतीनने आपला तर्क संपादकांना पत्राने कळवलासुद्धा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला ताप आला. मेंदूज्वर होता. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "आई, त्रेसष्ट आला का?" मी म्हटले, "येईल, उद्या-परवा येईल." चौथ्या दिवशी तो गेला. तेरा वर्षांचा होता.

त्यानंतर तीन दिवसांनी अंक आला. मी तो वेष्टनासकट कपाटात, माझ्या साड्यांखाली ठेवला. पंधरवड्याने सई दारात आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहून तिने विचारले, "काकू, अंक आला का?" मी म्हणाले, "नाही आला."

ती पुढचे दोन महिने विचारत राहिली आणि मी तेच उत्तर देत राहिले. ज्याची तो वाट बघत गेला ते दुसऱ्या कुणी वाचावे हे मला सहन होत नव्हते. स्वतः उघडायचेही धैर्य नव्हते. सुवर्णाला माझे खोटे कळले असावे, कारण तिने वर्गणीचे नाव पुन्हा काढले नाही आणि आमच्याकडे येणेही कमी केले. पुढच्या वर्षी त्यांची इंदूरला बदली झाली. सुवर्णा चार वर्षांपूर्वी वारली. तिच्याशी मी हे कधी बोलले नाही. ते आता कोणत्याही कलमाने भरून निघणारे नाही.

४. 'दूरतारा' त्रेसष्टाव्या अंकानंतर बंद पडले. छापखान्याला टाळे लागले, आणि तो अंक फार थोड्या वर्गणीदारांना पोचला, असे मला गेल्या वर्षी कळले. मासिकाच्या चित्रकारांचे नातू निलय यांनी सगळे अंक तीन खंडांत पुन्हा छापायचे आणि आजोबांच्या वहीतल्या टिपणांवरून अपुरी गोष्ट पुढे न्यायची, असे जाहीर केले. फोनवर त्यांचा वाचकांचा एक गट आहे. गंधारने मला त्यात घालून दिले. पन्नाशी-साठीची माणसे तिथे लहान मुलांसारखी वाट बघतात: मुखपृष्ठ कोणते असेल, कागद कसा असेल, रेवाचे काय होणार. दोन खंड आले. तिसरा अडला, कारण त्रेसष्टावा अंक कुणाकडेच नव्हता. रोज कुणीतरी विचारायचे, "त्रेसष्ट मिळाला का?" मी रोज वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. असे सात महिने.

मग वाशीमच्या देवराम खिल्लारे यांनी लिहिले. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांचे वाक्य असे होते: "मला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात वर्षभर दिसेल. बाकी काही नाही, रेवाचं काय झालं तेवढं वाचून घेतो म्हणतो."

मी कपाट उघडून साड्यांखाली हात घातला. अंक होता. पण गटावर लिहिण्याआधी सईला सांगणे भाग होते. ती त्याच गटात होती आणि तीही विचारत होती.

५. सई गेल्या नोव्हेंबरात इंदूरहून आली. आता ती एकोणपन्नास वर्षांची आहे. मी अंक टेबलावर ठेवला आणि सगळे सांगितले. तिने वेष्टनावरचा टपालाचा शिक्का बघितला आणि उठून बाहेर गेली. चहा निवला तेव्हा आत आली.

"काकू, मी रोज पोस्टमनच्या मागे कोपऱ्यापर्यंत जायचे," ती म्हणाली. "त्याला सांगायचे, भैया, नीट बघा ना थैलीत. तो बिचारा थैली पालथी करून दाखवायचा."

मी निवलेले कप बाजूला सारले.

"माझाही मित्रच होता तो. माझ्याशी कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोललं नाही. ना तुम्ही, ना आई. मला वाटायचं, अंक आला तर निदान त्यावर तरी बोलता येईल."

मी म्हणाले, "सई, मी चुकले." एवढेच म्हणता आले. ती "हो" म्हणाली. 'असू दे' म्हणाली नाही, आणि ते मला योग्य वाटले.

मग तिने विचारले, "उघडायचा?" वेष्टन मीच फाडले. आम्ही दोघींनी तो टेबलावर पसरून वाचला. ती माझे पान संपेपर्यंत थांबत होती. बाहेर राहिलेली रेवाच होती, आणि यानही परत आले नाही. ती चालत चालत एका जुन्या, पडक्या यानापाशी पोचते, दारावर थाप मारते आणि दार आतून उघडते. तिथे अंक संपतो.

"दोघंही चुकलो की!" सई म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला जवळ घेतले. यतीन चिडला असता, तावातावाने चार पानी पत्र लिहिले असते. इतक्या वर्षांत त्याचा चिडका चेहरा मला पहिल्यांदाच आठवला. तोवर आठवायचा तो रुग्णालयातलाच.

शेवटच्या पानावर 'जागेअभावी छापता न आलेली पत्रे' अशी नावांची यादी आहे. तिच्यात सातवे नाव 'नितीन कारखानीस, जयपूर' असे आहे.

६. सबब, अंक एक ते त्रेसष्ट सईला द्यावेत. ते तिचे निम्मे होतेच, राहिलेले निम्मे मी देते. फाडलेले वेष्टनही तिच्याकडे जावे.

७. निलय डिसेंबरात स्कॅनिंगचे यंत्र घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी अंकाची पाने टिपून नेली. मी एकच अट घातली होती, की पुस्तक निघायच्या आधी ती पाने मोठ्या आकारात छापून देवरामजींना पाठवावीत. ती पाळली गेली. त्यांचा फोन आला होता. "ताई, भिंग लावून वाचलं. दोन दिस लागले. पोरगी जिती हाये, एवढं कळलं, आता बरं वाटते." निलय यांनी मला विचारले, यादीतले नाव दुरुस्त करायचे का? माझे उत्तर इथे लेखी देते. नाव यतीन असे करावे. बाकी छपाईच्या चुका तशाच राहू द्याव्यात.

८. माझे दीर गुलाबराव हयात आहेत. यतीनच्या दहाव्याला ते चारचौघांत म्हणाले होते, "असली भुताखेतांची, ग्रहांची पुस्तकं वाचून पोराचं डोकं तापलं." मी त्यांच्याशी त्यानंतर कामापुरतेच बोलले. त्यांना पुनर्मुद्रणाचे तिन्ही खंड पाठवावेत. ही माफी समजू नये. त्यांनी वाचावेत, एवढीच इच्छा आहे.

९. माझे दिवस घालू नयेत. गंधारला वाईट वाटेल. तो त्या वेळी आठ वर्षांचा होता आणि भावाबद्दल मी त्याच्याशीही बोलले नाही. परवा फोनवर म्हणाला, "आई, मतलब, दादा कसा होता ते मला नीट माहीतच नाही." या रविवारी तो येतो आहे. तेव्हा सांगेन. सांगायचे राहिले तर सईला विचारावे, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी सईला नेमते. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितल्यामुळे साक्षीला माझे हृदय तपासणाऱ्या डॉ. शालिनी आणि शेजारचे सुखदेवजी यांना बोलावले. सुखदेवजी रेल्वेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "बहनजी, बिना समझे मैं दस्तखत नहीं करता." म्हणून हे सगळे मी त्यांना हिंदीत वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पेन हातात घेतले, पण सही करेनात.

"वो दरवाज़ा," त्यांनी विचारले, "अंदर से खोला किसने?"

"मालूम नहीं, भाईसाहब. वो हिस्सा अभी बन रहा है. दिवाली पर छपेगा."

"तो फिर दिवाली तक तो आपको रुकना पड़ेगा."

डॉ. शालिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "कोशिश करूँगी." मग सुखदेवजींनी सही केली.

लिहून देणार: विजयालक्ष्मी माधव कारखानीस (सही)

आमच्यासमक्ष, आम्ही एकमेकांसमक्ष:
१. डॉ. शालिनी निमिष पटवर्धन, जवाहर नगर (सही)
२. सुखदेव शर्मा, जवाहर नगर (सही, हिंदीत)

जयपूर, बुधवार, दिनांक १४ जानेवारी २०२६