आक्काची मतं

कुरुळी,
२५ जून १९७९

चि. भीमराजास,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र नाही, म्हणजे तुझी दुसरी शिफ्ट चालू आहे असं मी धरते. सख्खा भाऊ अठरा किलोमीटरवर, आणि खुशाली पोस्टमन सांगणार. पण महिन्याला दोन पत्रं हे आईच्या मागे आपणच ठरवलंय. तुझं अक्षर तेवढ्यावरच टिकून आहे.

इथं सरपंच लक्ष्मणरावांकडे टीव्ही आला. परवा मीही जाऊन बसले. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम होता. दिवसभर शेतात वाकलेली माणसं संध्याकाळी पुन्हा शेतच बघत होती. सरपंचांच्या मंजुळाबाई म्हणाल्या, ह्ये तर आमी रोजच करतो, आमाला कुनी दाखवत न्हाई.

आमच्या शाळेत नवे गुरुजी आलेत. त्यांची बेलबॉटम इतकी रुंद की ते वर्गापर्यंत पोचले की व्हरांडा झाडून झालेला असतो. शिपाई खूश आहे.

बाकी विषय एकच, स्कायलॅब. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा पडणार, मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून गावातल्या कोंबड्या कमी होऊ लागल्यात. माझं मत असं की ती कुरुळीवर पडणार नाही. इथं चाकणहून निघालेली एसटी वेळेवर पोचत नाही, अमेरिकेहून निघालेलं काय पोचणार?

इंद्रायणीला आशीर्वाद. छबीला दात आले का?

तुझी आक्का,
कस्तुरा


कामगार वसाहत, पिंपरी,
२ जुलै १९७९

ती. कस्तुराआक्कास,
भीमराजचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. इंद्रायणी बरी आहे. छबीला खालचे दोन दात आले. हे मला इंद्रायणीने सांगितलं, कारण मी घरी असतो तेव्हा छबी झोपलेली असते आणि जागी असते तेव्हा मी लेथवर असतो. परवा उचलून घेतलं तर पाहुणा समजून रडली.

यावर एक उपाय निघतो आहे. कामगार अधिकारी अण्णासाहेबांच्या कचेरीत एक जागा भरायची आहे. कायम जनरल शिफ्ट. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत घरी. अण्णासाहेब माझ्यावर खूश आहेत. का, ते भेटीत सांगतो. तेरा तारखेला मुलाखत आहे.

तोपर्यंत एक कर. हल्ली लोक आकड्यांची घड्याळं घालतात, त्याबद्दल तुझं मत कळव. शर्टांच्या लांब कॉलरी, क्रिकेटच्या विश्वचषकातली आपली फजिती, आणि दिल्लीतल्या भांडणांबद्दलही. जरा विस्ताराने लिही. थोडी घाई आहे.

मोठ्या बहिणीचा हात पाठीवर आहे, तो तसाच असावा.

तुझा भाऊ,
भीमराज


कुरुळी,
१० जुलै १९७९

चि. भीमराजास,
आशीर्वाद व जयभीम.

तू भेटीत सांगणार होतास ते मला खंडूभाऊंनी शाळेत येऊन सांगितलं. ते तुमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत, हे तू विसरलास. हातात तुमच्या कारखान्याचं पाक्षिक होतं. म्हणाले, बाई, तुमच्या भावाचं डोकं लय चालतंय. आणि त्यांनी व्हरांड्यात उभं राहून मला माझंच पत्र वाचून दाखवलं. खाली तुझं नाव. बेलबॉटम, टीव्ही, सगळं. मग कळलं, हे जानेवारीपासून चालू आहे.

मी हसले. खंडूभाऊंना वाटलं, विनोदाला हसले.

नाव घेतलंस याचा राग आहे, तो राहील. पण त्याहून मोठा राग दुसरा आहे. कुरुळीचं तू चिंचवड केलंस. चिंचवडला लोकल थांबते, बस थांबते. तिथं सगळं पोचतं. स्कायलॅबसुद्धा पोचेल. मग त्या वाक्यात हसायचं काय उरलं? चोरायचं तर जसंच्या तसं चोरायचं.

घड्याळांबद्दल मला मत आहे. ते मी कळवणार नाही.

छबीचं वाचून मात्र जीव थोडा झाला. ती जागा तुला मिळावी असं मला वाटतं, आणि अशी मिळू नये असंही वाटतं. मुलाखतीत काय सांगायचं ते तूच ठरव.

कस्तुरा


कामगार वसाहत, पिंपरी,
१६ जुलै १९७९

ती. आक्कास,
भीमराजचा जयभीम. कोणत्या तोंडाने, हे विचारू नये.

गेल्या आठवड्यात तीन गोष्टी पडल्या. बुधवारी स्कायलॅब, शुक्रवारी मी, आणि काल दिल्लीचं सरकार. स्कायलॅब तेवढं लांब पडलं.

मुलाखतीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अण्णासाहेबांसमोर पाक्षिकाचे अंक रचलेले. त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की कारखान्यात हात पुष्कळ आहेत, मत असलेला माणूस हा एकच. मग विचारलं, वसाहतीच्या हॉलमध्ये टीव्ही घ्यावा की पंखे, तुमचं मत काय? सोपा प्रश्न होता. मी पंख्याकडे बघितलं. टीव्ही तिथं नव्हता, नाहीतर त्याच्याकडेही बघितलं असतं. आणि माझ्या तोंडून गेलं, विचारून सांगतो, साहेब.

त्यांनी विचारलं, कुणाला? खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. बायकोला म्हणालो असतो तर ते हसले असते आणि जागा मिळाली असती. मी तुझं नाव सांगितलं. मग सगळंच सांगितलं, चिंचवडसकट.

ते बराच वेळ अंक चाळत राहिले. शेवटी म्हणाले, तरीच, चिंचवडचं मला पटलं नव्हतं. जागा डिस्पॅचमधल्या ज्ञानदेवला गेली. त्याला टायपिंग येतं. माझा मजकूर बंद. पुढच्या अंकात खुलासा येईल, तुझ्या नावानिशी. आणि अण्णासाहेबांचा निरोप असा की बाईंनी आमच्या महिलांच्या पानासाठी एखादी पाककृती पाठवावी.

आजपासून पुन्हा दुसरी शिफ्ट. डबा देताना इंद्रायणी म्हणाली, आक्कांना लिहा आधी.

चूक पोटात घालावी. मायेला कमी पडू देऊ नये.

भीमराज


कुरुळी,
२३ जुलै १९७९

चि. भीमराजास,
अ. उ. आ. व जयभीम.

अण्णासाहेबांना सांग, मला पिठलं येतं आणि त्यातही गुठळ्या होतात. पाककृती जमणार नाही. पान महिलांचं आहे आणि मी महिला आहे, तेव्हा माझी मतं तिथं चालावीत. घड्याळांवरचं सोबत पाठवते आहे. गावाचं नाव बदलू नये.

जनरल शिफ्ट गेली, याचं वाईट वाटतं. ते मी हसण्यावारी नेणार नाही. येत्या रविवारी मी पिंपरीला येते. स्वयंपाक इंद्रायणी आणि मी बघू. तू दिवसभर छबीला घेऊन बस. रडली तरी खाली ठेवायची नाही.

आता एक कबुली माझी. तुझं मागचं पत्र मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं, तुला न विचारता. तू पंख्याकडे बघितलंस तिथंच बेलबॉटमवाले गुरुजी हसू लागले. हेडमास्तर सोपानराव सहसा हसत नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, बाई, हे तुम्ही लिहिलंत?

हो म्हणायला फार सोपं होतं. मी तुझं नाव सांगितलं.

महिन्याला दोन पत्रं कमी पडतील. तीन लिही.

तुझी आक्का,
कस्तुरा